विकेंद्रित डिजिटल सर्टिफिकेट बनवणं आणि त्यातून कमावणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली काही वर्षं हेच काम करतेय, म्हणजे संस्थांसाठी डिजिटल सर्टिफिकेट डिझाइन करणं, त्यावर सही करायची व्यवस्था लावून देणं आणि मग ती वर्षानुवर्षं सांभाळणं. तेच तेच प्रश्न परत परत येतात म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवतेय. क्रम काही फार विचार करून लावलेला नाही, जो प्रश्न पडलाय तिथून वाचा. पण थेट कमाईवर उडी मारणार असाल तर आधी निदान प्रायव्हेट की, म्हणजे सहीची गुप्त डिजिटल किल्ली, सांभाळणं आणि सर्टिफिकेट रद्द करणं हे दोन प्रश्न वाचाच, खरं काम तिथे आहे.

विकेंद्रित डिजिटल सर्टिफिकेट म्हणजे नेमकं काय? पीडीएफ मेल करतो तेच ना?

तेच नाही. साधी पीडीएफ म्हणजे शेवटी चित्रच, कुणीही उघडून नाव बदलू शकतं, आणि समोरच्याला खरं की खोटं हे कळायला संस्थेला फोन करावा लागतो नाहीतर मेल टाकून वाट बघत बसावं लागतं. इथे संस्था आपल्या प्रायव्हेट कीने मजकुरावर सही करते. हाताने काढलेल्या सहीचा फोटो नव्हे, गणिती सही. त्या कीची जोडीदार, म्हणजे संस्थेची पब्लिक की, सगळ्यांना उघड असते, ती वापरून कुणीही तपासू शकतं की हा मजकूर याच कीने सही केलेला आहे आणि त्यात एका अनुस्वाराचाही फरक झालेला नाही. फाइल ज्याची आहे त्याच्याकडे राहते, त्याच्या वॉलेटमध्ये, म्हणजे अशा फाइली ठेवायच्या ॲपमध्ये, किंवा नुसती फोल्डरमध्ये ठेवली तरी चालते. दाखवायला आणि तपासायला मधल्या कुणाची परवानगी लागत नाही. विकेंद्रित शब्दाचा अर्थ माझ्या मते एवढाच आहे.

मग ब्लॉकचेन लागतेच का?

नाही, आणि हे ऐकून बरेच जण हिरमुसतात. ब्लॉकचेन म्हणजे अनेक कॉम्प्युटरांवर एकसारखी ठेवलेली सामायिक नोंदवही, तिच्यात नोंदी ब्लॉक नावाच्या गठ्ठ्यांनी एकामागे एक जोडल्या जातात. डब्ल्यूथ्रीसी या वेबचे स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेने व्हेरिफायेबल क्रेडेन्शियलचं, म्हणजे अशा तपासता येणाऱ्या सर्टिफिकेटचं, पहिलं स्टँडर्ड २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पक्कं केलं, २.० आवृत्ती २०२५ च्या मे महिन्यात आली, आणि दोन्हीत ब्लॉकचेन सक्तीची नाही. सही करणाऱ्याची ओळख सांगणाऱ्या डीआयडीचं (डिसेंट्रलाइज्ड आयडेंटिफायर) स्टँडर्ड २०२२ च्या जुलैमध्ये आलं, त्यातही ओळख ब्लॉकचेनवर ठेवा किंवा तुमच्या वेबसाइटवरच्या एका फाइलमध्ये ठेवा, दोन्ही चालतं.

ब्लॉकचेनचा खरा उपयोग एकाच ठिकाणी होतो, वेळेचा पुरावा. समजा संस्थेची प्रायव्हेट की चोरीला गेली. आता चोर त्या कीने वाटेल ते सर्टिफिकेट सही करू शकतो आणि त्यावर तीन वर्षांपूर्वीची तारीख टाकू शकतो, गणिताच्या दृष्टीने ती सही बरोबरच येणार. मग खऱ्या जुन्या सर्टिफिकेटांवर विश्वास कसा ठेवायचा? खऱ्या सर्टिफिकेटांचे हॅश (हॅश म्हणजे फाइलमधून गणिताने काढलेला छोटा ठसा, एक अक्षर बदललं तरी तो पूर्ण बदलतो) त्या त्या वेळी चेनवर नोंदवलेले असले तर वाचतो आपण, कारण कोणता हॅश कोणत्या ब्लॉकमध्ये आहे ते मागे जाऊन कुणालाच बदलता येत नाही. चोराकडे की असते पण जुन्या ब्लॉकमधली जागा नसते.

हजार सर्टिफिकेटं असतील तर हजार वेळा चेनची फी भरायची का?

एकदाच. प्रत्येक सर्टिफिकेटचा एसएचए-२५६ या पद्धतीने हॅश काढायचा, दोन-दोन हॅश जोडून परत हॅश काढायचा, असं वर वर जात शेवटी एक हॅश उरतो तो मर्कल रूट, ही युक्ती राल्फ मर्कल यांची, १९७९ सालची. तो ३२ बाइटचा रूट तेवढा चेनवर जातो. प्रत्येकाच्या फाइलमध्ये त्याच्या सर्टिफिकेटपासून रूटपर्यंत जायची वाट दिलेली असते, हजार सर्टिफिकेटं असतील तर त्या वाटेत १० हॅश लागतात म्हणजे ३२० बाइट, आणि दहा लाख असली तरी २०च. त्यामुळे क्लायंटला दर सर्टिफिकेटमागे चेनची फी लावणारं कोटेशन कुणी देत असेल तर ते पैसे कशाचे ते विचारा.

हे नवीन फॅड तर नाही ना?

नाही. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने ओपन बॅजेसची, म्हणजे कौशल्यासाठी द्यायच्या डिजिटल बिल्ल्यांची, सुरुवात २०११ मध्ये केली होती. सायप्रसमधल्या युनिव्हर्सिटी ऑफ निकोसियाने २०१४ मध्ये डिजिटल करन्सीच्या ऑनलाइन कोर्सची सर्टिफिकेटं बिटकॉइनच्या चेनवर नोंदवली. २०१६ मध्ये एमआयटी मीडिया लॅबमधून ब्लॉकसर्ट्स हे ओपन सोर्स टूल बाहेर आलं आणि २०१७ मध्ये एमआयटीने १११ पदवीधरांना कागदी पदवीसोबत फोनवर ठेवता येईल अशी डिजिटल पदवी दिली. ओपन बॅजेसची ३.० आवृत्ती तर आता व्हेरिफायेबल क्रेडेन्शियलच्याच साच्यात बसवलीये, म्हणजे दोन वेगळ्या वाटा एकत्र आल्यात.

मी ग्राफिक डिझायनर आहे, यात माझं काम काय? सगळं तर कोडच दिसतंय.

तुमचं काम खूप आहे, फक्त नेहमीपेक्षा वेगळं आहे. कागदी सर्टिफिकेटमध्ये बॉर्डर, सोनेरी शिक्का, वळणदार अक्षर यांनी भरवसा वाटतो. इथे भरवसा सहीत आहे, चित्रात नाही, आणि ही गोष्ट बघणाऱ्याला समजावणं हेच डिझाइन. सगळ्यात जास्त मेहनत पडताळणीच्या पानावर घ्या, कारण सर्टिफिकेट ज्याला मिळतं तो ते एकदा कौतुकाने बघतो, पण नोकरी देणारा माणूस ते पान उघडतो तेव्हा त्याच्याकडे अर्धा मिनिट असतो आणि त्याला ब्लॉकचेनबद्दल काही ऐकायचं नसतं. त्याला चार गोष्टी दिसायला हव्यात: कुणी दिलं, कुणाला दिलं, कशासाठी दिलं, आणि आजच्या तारखेला चालू आहे का. नुसती हिरवी टिक टाकू नका. हिरवी टिक कुणीही चित्रात काढू शकतं, आणि मी अशी चित्रं पाहिली आहेत, सर्टिफिकेटवरच "व्हेरिफाइड" छापलेलं. पडताळणीचा निकाल कधीही सर्टिफिकेटच्या चित्राच्या आत दाखवू नका, तो बाहेर, पानाच्या वेगळ्या भागात हवा.

दुसरं म्हणजे "कशासाठी दिलं" हा मजकूर. "यशस्वीरीत्या पूर्ण केले" एवढ्याने काहीच कळत नाही. काय करून दाखवलं, कुणी तपासलं, कशावरून पास ठरवलं, हे दोन-तीन वाक्यांत आलं की त्या सर्टिफिकेटचं वजन वाढतं. क्लायंटकडून हा मजकूर काढून घेणं हे मला रंग निवडण्यापेक्षा दसपट कठीण जातं, पण कामाचा दर्जा तिथेच ठरतो.

क्यूआर कोडमध्ये पूर्ण सर्टिफिकेट बसवता येईल का?

कागदावर शक्य आहे, व्यवहारात नको. सगळ्यात मोठ्या क्यूआरमध्ये जास्तीत जास्त २,९५३ बाइट मावतात आणि तोही इतका बारीक दाट होतो की साध्या फोनने स्कॅन होता होत नाही. क्यूआरमध्ये छोटी लिंक ठेवा, चारही बाजूंना कोडच्या चार छोट्या चौकोनांएवढी मोकळी जागा सोडा, आणि मध्यभागी लोगो घुसवायचा मोह टाळा. पण नुसत्या लिंकवर विसंबू नका, सही केलेली फाइलही माणसाच्या हातात द्या. का ते पुढे सांगते.

मराठीत नाव टाकलं की कधीकधी पडताळणी फेल होते. दिसतं तर अगदी तेच!

हा प्रश्न आला की मला माझी पहिली मोठी बॅच आठवते. यादीतल्या एका आडनावात "ऱ्ह" होता. संस्थेच्या यादीत एका पद्धतीने टाइप केलेला, फॉर्ममध्ये त्या मुलीने स्वतः दुसऱ्या कीबोर्डवरून टाइप केलेला, आणि स्क्रीनवर दोन्ही सारखेच. आमची सिस्टीम दोन्ही नावं जुळवून बघायची आणि म्हणायची की ही व्यक्ती यादीतच नाही. मी अख्खी संध्याकाळ फाँट बदलत बसले. शेवटी दोन्ही नावांचे युनिकोड आकडे (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला दिलेला क्रमांक) एकाखाली एक मांडले तेव्हा दिसलं, एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त होता, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना एक, मशीनला दोन वेगळे शब्द, त्यामुळे हॅशही पूर्ण वेगळे.

उपाय असा: सही करायच्या आधी सगळा मजकूर युनिकोडच्या एनएफसी या ठरलेल्या एकसारख्या रूपात आणा, पण वरचा जॉइनरवाला फरक एनएफसीने मिटत नाही, त्यासाठी वेगळा नियम लिहून सगळीकडे एकच रूप करून घ्यावं लागतं. आणि सही झाल्यावर मजकुराला अजिबात हात लावू नका. नाव नेहमी माणसाकडूनच तपासून घ्या, तो "बरोबर आहे" म्हणाला की मगच सही.

बॅजचं चित्र मेसेजवर पाठवलं तर सही गायब होते, असं का?

कारण ओपन बॅजमध्ये माहिती पीएनजी चित्राच्या आत लपवून ठेवता येते, आणि मेसेजिंग ॲप फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं, त्यात आतली माहिती उडते. उरतं ते नुसतं चित्र. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. तसंच ज्यांनी पीडीएफच्या हॅशवर सगळी भिस्त ठेवलीये त्यांनी हेही ध्यानात ठेवा की कुणी ती पीडीएफ उघडून परत सेव्ह केली तरी हॅश बदलू शकतो, बाहेरून काही बदललेलं दिसत नसलं तरी.

नाव, मार्क वगैरे ब्लॉकचेनवर टाकले तर जास्त पारदर्शक नाही का होणार?

अजिबात टाकू नका, हात जोडून सांगते. चेनवर गेलेलं काही पुसता येत नाही, आणि युरोपच्या जीडीपीआरसारखे कायदे माणसाला आपली माहिती पुसून घ्यायचा हक्क देतात. कायदा बाजूला ठेवला तरी कुणाचे कमी मार्क जगाला कायमचे दिसत राहावेत असं करायचा आपल्याला काय अधिकार? फक्त हॅश टाकायचा, आणि तोही नुसत्या नाव-मार्कांचा नको. नावं माहीत असतील आणि मार्क शून्य ते शंभरच असतील तर कुणीही सगळे पर्याय करून बघून हॅश जुळवू शकतं. म्हणून प्रत्येक सर्टिफिकेटमध्ये एक लांब रँडम आकडा मिसळायचा, त्याला सॉल्ट म्हणतात, मग अंदाज लावणं अशक्य होतं.

चुकीचं सर्टिफिकेट गेलं तर? ब्लॉकचेनवरून काढता येत नाही ना?

काढायचं नसतं, रद्द केल्याची नोंद ठेवायची असते. आजकाल मी स्टेटस लिस्ट वापरते. कल्पना करा की एक लांबच लांब पट्टी आहे, नुसते शून्य आणि एक, प्रत्येक सर्टिफिकेटला त्यात एक जागा, शून्य म्हणजे चालू आणि एक म्हणजे रद्द. डब्ल्यूथ्रीसीच्या स्टँडर्डप्रमाणे ही पट्टी कमीत कमी १,३१,०७२ जागांची असते, म्हणजे फक्त १६ केबी, दाबल्यावर त्याहून बरीच लहान. इतकी लांब का, तर तपासणारा पूर्ण पट्टी उतरवून घेतो त्यामुळे तो नेमकं कुणाचं सर्टिफिकेट बघतोय हे संस्थेला कळत नाही. मला ही गोष्ट फार आवडते. नोकरी शोधणारा माणूस कुठे कुठे अर्ज करतोय हे त्याच्या जुन्या संस्थेला कळायची काहीच गरज नाही.

प्रायव्हेट की कुणाकडे ठेवायची?

संस्थेकडे. तुमच्याकडे नको, क्लायंट कितीही म्हणाला की तुम्हीच ठेवा तरी नको. की ज्याच्याकडे तो संस्थेच्या नावाने काहीही देऊ शकतो आणि उद्या काही घोळ झाला की बोट तुमच्याकडेच येणार. संस्थेतल्या दोन जणांना मिळूनच सही करता येईल अशी व्यवस्था करून द्या, एक प्रत बंद पाकिटात वेगळ्या जागी, आणि की बदलायची तारीख आधीच ठरवून ठेवा. की सांभाळायची ही सगळी पद्धत लिहून देणं, माणसांना बसवून शिकवणं, याचे वेगळे पैसे घ्या.

सर्टिफिकेट एनएफटी करून विकलं तर भरपूर पैसे मिळतील ना?

एनएफटी म्हणजे ब्लॉकचेनवरचं एकमेव टोकन, मालकीची अशी नोंद जी विकता येते. पण जे विकता येतं ते सर्टिफिकेट कसलं? मी मिळवलेली पात्रता मी तुम्हाला विकली तर तुम्हाला ते काम येईल का? इथेरियम ब्लॉकचेनचे सहसंस्थापक विटालिक बुटेरिन आणि त्यांच्या सोबतच्या दोघांनी २०२२ मध्ये सोलबाउंड टोकनची कल्पना मांडली ती याच कारणाने, दुसऱ्याला देताच येणार नाही असं टोकन. पण त्यातही वॉलेट हरवलं की सर्टिफिकेट अडकतं, आणि एका वॉलेटमधलं सगळं सगळ्यांना दिसतं, म्हणून शिक्षणाच्या सर्टिफिकेटला मी ते सहसा सुचवत नाही.

अपवाद एक आहे, वस्तूच्या अस्सलपणाचं सर्टिफिकेट. चित्रकाराने चित्रासोबत दिलेलं सर्टिफिकेट चित्र विकलं की पुढच्या मालकाकडे जायलाच हवं, तिथे टोकन शोभतं. पण दर विक्रीमागे आपोआप रॉयल्टी मिळत राहील या भरवशावर धंदा उभा करू नका. रॉयल्टीचं जे स्टँडर्ड आहे, ईआरसी-२९८१, ते रॉयल्टी किती हे फक्त सांगतं, वसूल करत नाही, आणि ओपनसी या एनएफटीच्या ऑनलाइन बाजाराने २०२३ मध्ये रॉयल्टीची सक्ती काढायचं जाहीर केल्यावर बऱ्याच कलाकारांचा हिशेब कोलमडला.

मग पैसे नक्की कुठून येतात?

सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडून, आणि मुख्यतः सांभाळण्याचे. सुरुवातीला एकदा डिझाइन, डेटाची रचना, कीची व्यवस्था आणि पडताळणीचं पान याचे पैसे मिळतात, ते दिसायला मोठे असतात पण एकदाच येतात. नंतर प्रत्येक बॅचचं काम असतं, नावं तपासणं, सही, वाटप. पण घर चालतं ते वर्षाच्या करारावर: डोमेन जिवंत ठेवणं, स्टेटस लिस्ट चालू ठेवणं, चुकलेली सर्टिफिकेटं रद्द करून नवी देणं, की बदलणं, स्टँडर्डची नवी आवृत्ती आली की फाइली तिच्यात आणणं. हे काम कुणाला दिसत नाही म्हणून नवीन माणूस ते फुकटात देऊन टाकतो आणि दुसऱ्या वर्षी थकून जातो.

आणखी एक काम आहे ज्याकडे फार कमी लोक बघतात, जुन्या नोंदी. संस्थांकडे वर्षानुवर्षांची रजिस्टरं पडलेली असतात, ती टाइप करून, तपासून, सही करून द्यायची. किचकट आहे, वेळखाऊ आहे, पण एकदा विश्वास बसला की ते काम महिनोन् महिने पुरतं. ज्यांना कोड येतो त्यांना भरती करणाऱ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये पडताळणी जोडून द्यायचंही काम मिळतं.

रेट कसा लावू?

सर्टिफिकेटांच्या संख्येवर नको. दोनशे आणि दोन हजार यांत मशीनला काही फरक नाही, तुमचा वेळ जातो तो नावांच्या चुकांत, बैठकांत आणि बदलांत. किती बदल रेटमध्ये धरलेत, परत द्यायच्या सर्टिफिकेटांचे पैसे वेगळे का, सेवा किती वर्षं, आणि करार संपला तर सगळ्या फाइली व डोमेन कसं सोपवणार, हे लिहून घ्या. शेवटचा मुद्दा क्लायंटच्या बाजूचा वाटेल, पण तो लिहून दिल्याने मला जितकी कामं मिळाली तितकी पोर्टफोलिओने मिळाली नाहीत.

पडताळणीचे पैसे घेतले तर? दर वेळी थोडे थोडे?

नका घेऊ. तपासायला पैसे पडले की लोक तपासणं सोडतात, आणि न तपासलेलं सर्टिफिकेट परत पीडीएफच झालं. विद्यार्थ्याकडून डाउनलोडचे पैसे घेणंही मला पटत नाही, त्याने आधीच कष्ट करून ते मिळवलंय.

मी वापरते ती कंपनी बंद पडली तर माझ्या सर्टिफिकेटांचं काय?

हे माझ्याबाबतीत झालंय. सुरुवातीला मी एका तयार प्लॅटफॉर्मवरून तीनशेच्या वर सर्टिफिकेटं दिली, क्यूआरमधली लिंक त्यांच्याच डोमेनची होती आणि सही केलेल्या फाइली वेगळ्या उतरवून ठेवायचं मला सुचलंच नव्हतं. त्यांनी सेवा बंद केली. एका मुलाने मुलाखतीत कोड दाखवला आणि समोर कोरं पान आलं, त्याने मला फोन करून एवढंच विचारलं, "ताई, माझं सर्टिफिकेट खोटं आहे का?" हॅश चेनवर होते, पण ज्याचा हॅश काढलाय ती फाइलच हातात नव्हती. मूळ यादीवरून सगळी परत बनवून परत सही करून पाठवली, त्यात पाच आठवडे गेले, आणि काही जणांचे ईमेल बंद झाले होते ते शेवटपर्यंत सापडले नाहीत.

तेव्हापासून लिंक नेहमी संस्थेच्या स्वतःच्या डोमेनवर, फाइल माणसाच्या हातात, आणि पडताळणीचं टूल ओपन सोर्स, म्हणजे मी नसले तरी दुसरा कुणी चालवू शकेल. आयपीएफएसवर, म्हणजे अनेक कॉम्प्युटरांवर फाइली ठेवायच्या नेटवर्कवर, टाकलं म्हणजे कायमचं राहिलं असंही समजू नका, तिथेही कुणीतरी ती फाइल पिन करून, म्हणजे मुद्दाम जपून, ठेवावी लागते, नाहीतर ती जाते.

खोट्या संस्थेने खरी सही करून सर्टिफिकेट दिलं तर?

तर सही बरोबरच येईल. सही कुणी केली हे कळतं, तो माणूस लायक आहे का हे कळत नाही. म्हणून पडताळणीच्या पानावर संस्थेची ओळख ठळक दाखवा, डीआयडी संस्थेच्या अधिकृत वेबसाइटशी जोडा, आणि न झालेल्या कोर्सची सर्टिफिकेटं मागणारा क्लायंट आला तर नाही म्हणा. मी म्हटलंय, दोनदा.

कोडिंग येत नाही, सुरुवात कुठून करू?

ब्लॉकसर्ट्स किंवा ओपन बॅजेसची उघडी उदाहरणं उतरवा आणि ती फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून नुसती वाचा, देणारा कोण, कुणाला, दावा काय, सही कुठे, हे शोधून काढा. मग तयार टूलने स्वतःच्या नावाचं एक सर्टिफिकेट बनवा, सही करा, तपासा, बरोबर येईल. आता नावातली एक वेलांटी बदला आणि परत तपासा. लाल झालेलं ते पान नीट बघा, आणि आता ते तुमच्या भाषेत, कोडमधलं काही न कळणाऱ्या माणसाला समजेल असं परत डिझाइन करून बघा. पोर्टफोलिओत टाकायला पहिलं काम तेच घ्या.